अंक सत्याऐंशी

मूळचा तो अमेरिकेचा, अंगभर रंग ल्यालेला.
विलायतेत पोचेपर्यंत रंग उतरले,
स्वस्त कागदावर काळा-पांढरा छापला गेला,
मधल्या चार पानांना तेवढी हिरवी झाक.
तिथून बावाच्या पेटीत बसून दाभोळला आला.
तिसऱ्या हातचा वीर.
त्याच्या झग्याला आमच्याकडे
सुक्या बोंबलाचा वास यायचा.

बावा जहाजावर तेलवाला.
साहेबलोक वाचून फेकत ती साप्ताहिकं
इंजिन पुसायच्या चिंध्यांतून तो वेगळी काढी,
त्यात चिनीमातीचे कप गुंडाळून आणी.
आई कप मोजायची.
मी कागद.

एका गोष्टीचे ते लोक तीन तुकडे करत.
शेवटच्या चौकोनात वीर कुठंतरी लोंबकळतोय,
खाली लिहिलेलं: पुढच्या आठवड्यात.
आमचा आठवडा दहा महिन्यांचा,
बावा धक्क्यावर उतरला की संपायचा.

शहाऐंशीत तो पाण्याच्या टाकीखाली, एका बोटावर.
अठ्ठ्याऐंशीत दंडाला पट्टी बांधून
खुर्चीत चहा पितोय.
मधला अंक आलाच नाही.
"बावा, हा सुटला कसा?"
बावाच्या नल्लीवर सहीच्या जागी अंगठा,
तरी चष्मा लावून दोन्ही चित्रं नीट बघितली.
"खालून एक तांडेल चालला होता. त्यानं दोर फेकला."
"एवढ्या मोठ्या शहरात तांडेल?"
"असतो गो एखादा. रजेवर."

कंपनीनं जहाजं भंगारात काढली.
बावा कायमचा घरी आला, पेटीत स्वेटर आणि गोळ्या.
मी शिवणकाम धरलं, आणि हे.
चिपळूणचे रद्दीवाले मला ओळखतात,
खलाशांच्या घरांतले माळे मला ओळखतात.
पावसात पानं फुगतात. कसर लागते.
निगडीचा पाला घालते, दर दोन वर्षांनी
गंजलेल्या पिना काढून दोऱ्यानं शिवते,
ब्लाउजला घालते तोच टाका.
"शरीफाबी, पोराटोरांची चित्रं ही, तुला काय त्यांचं?"
मी तोंडात टाचण्या धरलेल्या असतात,
उत्तर द्यावं लागत नाही.

रमजानच्या आधी गोवळकोटला
कुलसुम परकारकडे पडद्यांचं माप घ्यायला गेले.
मुंबईहून सून यायची होती, घाई होती.
स्वयंपाकघरातल्या फळीवर
हळदीच्या बरणीखाली ओळखीचा हिरवा.
"ही बरणी जरा उचलू?"

सत्याऐंशी.

मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं चव्वेचाळीस,
कुठल्यातरी गल्लीतला घरनंबर,
पेपर टाकणाऱ्या पोरासाठी.
चव्वेचाळीस नंबरातल्या मुलानं
आतलं कूपन कात्रीनं कापलं होतं,
कडा सरळ, हात स्थिर.
बिल्ला मिळत होता त्यावर.
मिळाला असेल.

कूपनाच्या पाठीवर तोच चौकोन.
आधीच्या चित्रात बोट सुटतंय.
नंतरच्यात तो जमिनीवर उभा, खांदा झटकतोय.
मधे भोक,
त्यातून कुलसुमच्या ओट्याचा कडाप्पा दिसला,
त्यावर सांडलेली थोडी मोहरी.

मी खिडकीचं माप दोनदा चुकले.

एसटीत अंक अस्तराच्या कापडात गुंडाळून मांडीवर,
शेजारची बाई विचारत राहिली, मलमल का?
रात्री वहीत लिहिलं:
सत्याऐंशी. कूपन नाही. हळदीचा डाग,
मागचं पान अर्धं. पिना गंजलेल्या.
शेरा: दोर तांडेलाचा, बावाप्रमाणे.
'बावाप्रमाणे' खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

पडदे द्यायला गेले तेव्हा
फळीवर घालायला मागल्या सालचं कॅलेंडर नेलं.
कुलसुमनं उलटंपालटं करून पाहिलं,
बोटांनी चाचपलं.
"हे बरं आहे," म्हणाली, "जाड आहे.
ते जुनं मेलं सारखं सरकायचं."